पाठमोरे चाचा आणि आमचे शिकाऊ

कापसाच्या जिनिंगमध्ये बारा वर्षं काढली की अंगाला रुई चिकटते तसे किस्सेही चिकटतात. घरी येऊन कितीही झटका, थोडे राहतातच. नेरच्या एका जिनिंगचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे, आणि कोणालाच नको होतं म्हणून ऍप्रेंटिस सांभाळायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. मित्र बसले की म्हणतात, "चाचांचं सांग." सांगतो, पण पहिल्यापासून ऐकावं लागेल. मधूनच ऐकलं तर मजा नाही.

*

आयटीआयशी करार झाला त्या वर्षी दोन पोरं आली. सीझनची धांदल होती. मी एकाच्या हातात झाडू दिला, दुसऱ्याला चहा सांगायला पिटाळलं. महिनाभरानं आयटीआयचे सर बघायला आले. मी छाती काढून म्हटलं, "विचारा त्यांना काहीही."

सरांनी चहावाल्या पोराला विचारलं, "काय शिकला रे?"

पोरगं सावधानमध्ये उभं राहिलं. "सर, ऑफिसात तीन चहा बिनसाखरेचे लागतात. शेठजीले अर्धी साखर."

सर हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तो घरीही शिकला असता. दोन वर्षं आम्ही त्याला फिटर करायला घासलं हो."

पंधरा दिवसांत दोघंही निघून गेले. शेठजी म्हणाले, "आजकालच्या पोरांना कामच नको." मी मान हलवली. खरं तर चूक माझी होती, आणि ती बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

*

पुढच्या वर्षी ठरवलं, शिकाऊ येईल तो सरळ रफिक चाचांच्या हाताखाली. चाचा आमचे हेड मिस्त्री, तीस वर्षांपासूनचे. जिन मशीनमध्ये चामड्याचा रोलर असतो आणि त्याला लागून पोलादी पट्टी. त्या दोघांचं जमलं तर रुई सरकीपासून नीट सुटते, बिनसलं तर सरकी फुटते आणि माल खराब होतो. हे जमवणं म्हणजे सेटिंग. चाचा ते नुसत्या आवाजावरून करायचे.

फक्त एक गोष्ट होती. सेटिंगची वेळ आली की ते सगळ्यांकडे पाठ फिरवायचे. काय करतात ते कोणाला दिसायचं नाही.

मी एकदा चिडून विचारलं, "चाचा, काहून लपवता?"

"साहेब, मले तीस साल लागले. याईले तीस मिनटात देऊ?"

मग हातातला पाना पुसत हळूच म्हणाले, "अन् हे शिकले तं मले कोण ठेवते?"

 

*

त्या वर्षी पल्लवी आली. फुलसावंगीकडच्या तांड्यावरची पोरगी, नेरला मावशीकडे राहायची. फिटर ट्रेड, बोलणं कमी, डोळे सगळीकडे. शिकाऊंना रोजची डायरी लिहावी लागते आणि आयटीआयचे सर ती तपासतात. सर आले, डायरी उघडली आणि मोठ्यानं वाचू लागले.

"सेटिंगची कृती. एक, मशीन बंद करणे. दोन, बोल्ट सैल करणे. तीन, सर्वांकडे पाठ फिरवणे. चार, बोल्ट आवळणे. पाच, मशीन सुरू करून आवाज ऐकणे."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही तिसरी पायरी कशासाठी?"

"माहीत नाही सर," पल्लवी अगदी गंभीरपणे म्हणाली, "पण चाचा ती कधीच चुकवत नाहीत."

चाचा तिथंच उभे होते. पल्लवीनं डायरी त्यांच्यापुढे धरली, त्यांनी ती ओळ वाचली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सेटिंगच्या वेळी मात्र ते अर्धेच वळले.

*

एकदा पल्लवीचे वडील आले. मी त्यांना खुर्ची दिली, सर्टिफिकेटचं समजावलं, करार दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरगी इथं कोणाच्या भरवशावर हाय?"

मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात पल्लवीनं तोच प्रश्न चाचांपुढे जाऊन पुन्हा सांगितला.

"माह्या," चाचा म्हणाले.

वडील चहा पिऊन गेले. चाचा दिवसभर स्वतःवरच चिडलेले होते. "फसलो ना बे," असं दोनदा पुटपुटले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची पाठ दिसली नाही.

*

मग एके दुपारी लाईट गेली आणि सगळ्या मशीनी एकदम गप्प झाल्या. मी मागून हाक मारली, "चाचा!" तीनदा मारली. चाचा वळले नाहीत. पल्लवी समोर गेली, हात हलवला, तेव्हा म्हणाले, "काय झालं?"

जिनिंगमध्ये बहिरा माणूस ओळखू येत नाही. त्या गोंगाटात सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात.

पल्लवीला बाजूला घेतलं तर म्हणाली, "मले पहिल्या महिन्यापासूनच माहीत हाय. ते मशीनच्या अंगाले हात लावून पायतात, मी ऐकून सांगते. दोघांचं मिळून बरोबर येते."

मी शेठजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी चाचा घरी बसले असते. बरोबर केलं का, माहीत नाही. झोप मात्र नीट लागत नव्हती.

*

पल्लवीचं वर्ष संपत आलं. तिला ठेवून घ्या म्हणून मी शेठजींच्या मागे लागलो होतो. ते म्हणाले, "चाचा आहेत तोवर दुसरा मिस्त्री कशाला? जागा एकच आहे." हे मी सकाळी पल्लवीला सांगितलं, आणि चाचांनी ते तिच्याकडून काढून घेतलं.

त्याच दिवशी सरकी फुटून येऊ लागली. नेमकी कोणती मशीन बिघडली ते सापडेना. चाचा आणि पल्लवी रांगेतून फिरले आणि चाचांनी बोट दाखवलं, अकरा नंबर. उघडलं तर पट्टी सरकलेली. जेवणाच्या सुट्टीत मशीनी बंद झाल्यावर शेठजी स्वतः आले आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय कान आहेत चाचा तुमचे!"

चाचांना ते ऐकू आलं नाही, पण शेठजी कानाला हात लावून बोलत होते.

"शेठजी, अकरा नंबर या पोरीनं सांगतला," चाचा म्हणाले. "मले दोन सालापासून ऐकू येत नाई. जागा एक हाय ना? तिले ठेवा. मी जातो."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मग शेठजी म्हणाले, "पोरगी राहील. पण पुढच्या वर्षी आयटीआयची आणखी चार येतील, त्यांना कोण शिकवणार? मी?"

चाचांनी पल्लवीकडे पाहिलं. "काय म्हंतात?"

पल्लवी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, डोळे पुसले आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "उद्या आठ वाजता या म्हंतात."