गुंड्याचा पिवळा बल्ब

२०२४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि पालीला घाबरत होतो. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. महाळुंग्याच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीवर लोखंड तापवलेला माणूस पालीला घाबरतो, हे सांगायचं कुणाला?

अशा माणसाच्या रहाटणीतल्या घरात नात सई सरडा घेऊन आली. साधासुधा नव्हे, परदेशी, वाळवंटातला. हातभर लांब, हनुवटीखाली काट्यांची दाढी. नाव गुंड्या. काचेच्या पेटीत राहायचा आणि वर झाकणात दिवसभर पिवळा बल्ब. (मला नोकरीत पंखा मिळायला नऊ वर्षं लागली होती.)

जानेवारीत मुलगा, सून आणि सई तीन दिवस नाशिकला लग्नाला निघाले. सई म्हणाली, "आबा, ऊब कमी पडली तर तो मरेल. पेटीतल्या तापमापकाचा हा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. बाकी कशाला हात लावू नका."

"मला ऊब शिकवतेस? नुसत्या डोळ्यांनी लोखंडाचा ताव ओळखायचो मी."

"म्हणूनच सांगतेय."

ते गेले, घरात ही आणि मी उरलो, आणि मी बल्ब बघितला. पिवळा, मरतुकडा. भट्टीवरच्या कुणालाही विचारा, लोखंड लाल म्हणजे कच्चं, पिवळं म्हणजे बरं, पांढरं म्हणजे पूर्ण ताव. मी स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र एलईडी काढून झाकणात बसवला. पेटी अशी उजळली की माझेच डोळे दिपले. काटा बघितला नाही. काटा नवशिक्यांसाठी असतो. खाली घंटागाडी आली होती, पिवळा बल्ब तिच्यात टाकून आलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बघतो तर गुंड्या हलेना. डोळे मिटलेले, दाढी कोळशासारखी काळी. काचेवर टिचकी मारली. काही नाही. पोरीला आता काय सांगू?

"अहो, मेला का तो?" हिने दारातूनच विचारलं.

"झोपलाय."

"आणि दाढी काळी कशाने झाली?"

"वय झालं असेल."

"वयाने पांढरी होते. आरशात बघा." ही पुढे आली आणि झाकणावर हात धरला. "हा बल्ब तर गार आहे."

"पांढऱ्याला ताव जास्त असतो."

"हात लावून बघा."

लावला. माठाला हात लावल्यासारखं वाटलं.

"माझ्या माहेरी कोंबडीच्या पिल्लांवर पिवळा बल्ब लावायचे," ही म्हणाली. "उजेडासाठी लावायचे का? पिल्लांना काय पेपर वाचायचा होता?"

त्यात गुरुवार. आमच्याकडे त्या दिवशी दुकानं बंद. सोसायटीत चार दारं वाजवली, चारही घरांत एलईडी. ही म्हणाली, "अंगाची ऊब द्या मग."

"कुणाच्या अंगाची?"

"बल्ब कुणी बदलला?"

मी कपाटातून भट्टीवरचे चामडी हातमोजे काढले, डोळे मिटले आणि गुंड्याला उचलून स्वेटरच्या आत घातलं. गॅलरीत उन्हाला बसलो. श्वास घ्यायचीही भीती. अर्ध्या तासाने छातीवर एक नखी हलली. तो जिवंत आहे याचा आनंद मानावा, की माझ्या छातीवर जिवंत आहे याने ओरडावं, ते कळेना.

तेवढ्यात सईचा व्हिडिओ कॉल. हिने मोबाइल माझ्यासमोर धरला. "आबा, गुंड्या कसा आहे?" ती विचारतेय तोच स्वेटरच्या गळ्यातून काळी दाढी वर आली आणि माझ्या पांढऱ्या दाढीला टेकली.

सईचा आवाज बदलला. "आबा, तुम्ही त्याला कुशीत घेतलंय? बाबा म्हणत होते, तुम्हाला तो आवडत नाही."

हे ऐकून खोटं बोलवेना. "सई, बल्ब मी बदलला."

"काटा बघितला होता?"

"नाही."

"ऊन असेपर्यंत हलायचं नाही. नंतर त्याच्या शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवायची."

साहेबांचं कधी ऐकलं नाही एवढं नातीचं ऐकलं. चहासुद्धा हिने बशीने पाजला. ऊन उतरेपर्यंत गुंड्याच्या दाढीचा काळेपणा ओसरला. माझं पांढरं पडलेलं तोंड मात्र तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधीच मी दुकानासमोर उभा. दुकानदार म्हणाला, "काका, पिवळा आता कोण वापरतं? पांढरा न्या, एक नंबर."

मी म्हणालो, "थांब, आमच्या मिस्त्रींना विचारतो." आणि हिला फोन लावला.