ट्रम्पेटचा पहिला सूर

चिंच आणि राख लावून घासलेल्या पितळेला एक ओलसर, आंबूस गंध येतो. तो नाकात शिरला, की आजही माझ्या मनात उत्साहाचे उधाण येते! बोरी बुद्रुकला आमच्या शेजारच्या ओट्यावर कोंडिबातात्या, म्हणजे गावच्या बॅन्डचे मास्तर, लग्नसराईच्या तोंडावर आपला ट्रम्पेट घेऊन बसत. त्यांची लेक सिंधू, माझी बालमैत्रीण, तो घासता घासता हळूच ओठांना लावून पाही. निघे तो सूर कसला, रेडकाचे हंबरणेच! तात्या मात्र हसून तिला श्वास पोटातून कसा घ्यायचा ते दाखवत.

तात्यांचा मान समजून घ्यायचा, तर आमच्याकडची तेव्हाची लग्ने आठवायला हवीत. भटजींचे 'सावधान' भोंग्याच्या खरखरीत आणि पाहुण्यांच्या गलक्यात विरून जाई. म्हणून तात्या ट्रम्पेट ओठांशी धरून, नजर भटजींवर रोखून उभे राहत आणि शेवटचे मंगलाष्टक संपताच एक दीर्घ, निर्मळ सूर सोडत. त्या सुरावर मागचा सगळा मांडव अक्षता टाकी. सूर आला म्हणजे लग्न लागले, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती.

सिंधू येडगावच्या धरणाच्या भिंतीवर बसून पाण्यावर सूर सोडत मोठी झाली. पुढे पुण्यात लष्करी बॅन्डमधून निवृत्त झालेल्या एका गुरूंकडे ती विलायती स्वरलिपी शिकली, रागदारी शिकली, आणि बघता बघता मोठमोठ्या सभागृहांत एकटी उभी राहून वाजवू लागली. पण तिचा हट्ट काय म्हणता? गाजलेल्या जुन्या रचना वाजवून वाहवा मिळवणे सोपे असताना ही बाई तरुण रचनाकारांच्या दारी जाई आणि म्हणे, माझ्यासाठी नवे लिहा. जुन्याला सांभाळणारे पुष्कळ असतात. नव्याला पहिला श्वास कोणी द्यायचा? कधी निम्मे सभागृह रिकामे असे, कधी मध्येच लोक उठून जात, आणि तरी बाई दुसऱ्या दिवशी नव्या रचनेच्या मागावर! तिला ऐकताना मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसत असे. पुढच्या क्षणी काय येईल हे ठाऊक नसण्यात केवढे सुख आहे!

हे सुख तात्यांना मात्र मान्य नव्हते. "ज्या गाण्याला तोंड न्हाई, त्याच्यावर लोकांनी नाचायचं कसं?" असे ते म्हणत, आणि तिच्या एकाही कार्यक्रमाला जात नसत. परदेशातल्या टाळ्या ऐकून आलेली सिंधू माझ्यापाशी एकच गोष्ट बोले, की तात्यांनी एकदा, फक्त एकदा, बसून ऐकावे.

तो योग आला तिच्या चुलतभावाच्या लग्नात. गोरज मुहूर्त होता, आणि रिवाजाप्रमाणे नवरदेव मारुतीच्या पारापाशी दोस्तांच्या खांद्यावर नाचत अडकला होता. समोरचे दात गेल्यामुळे तात्यांचे वाजवणे सुटले होते. ते फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. मांडव खोळंबलेला पाहून सिंधू स्टेजवर चढली. तळेघरच्या डोंगरात माणसे या उतारावरून त्या उतारावर हाक घालतात, त्या हाकेवर एका तरुणाने तिच्यासाठी नवी रचना बांधली होती. हाकेसारखीच तिची सुरुवात होती, एका लांब सुराने.

तो सूर उठला मात्र, आणि अख्ख्या मांडवाने अक्षता टाकल्या! ना नवरा, ना नवरी, ना अंतरपाट. स्टेजवर एकटी सिंधू आणि तिच्यावर पिवळ्या तांदळांचा वर्षाव! मागची मंडळी तर पंगतीकडे निघालीसुद्धा. "आवो पावणं, बसा की, नवरा आजून पारावरच हाय!" कुणीतरी ओरडले आणि मांडव हसून लोळला. सिंधूने सूर तुटू दिला नाही, पण तो डळमळताना मला ऐकू आला. आता तिने ट्रम्पेट खाली घेतला, तर या गावात तो पुन्हा कधीच वर उचलला जाणार नाही, अशी भीती मला वाटली.

तात्या उठले. त्यांची मूठ अजून मिटलेलीच होती. साऱ्या मांडवात त्यांनी एकट्यानेच अक्षता टाकल्या नव्हत्या. ते तिला थांबवायला निघाले असेच सर्वांना वाटले. स्टेजवर चढून त्यांनी ती मूठ तिच्या डोक्यावर उघडली आणि मांडवाकडे वळून म्हणाले, "अक्षता पडल्या. आता लागलेलं मोडायचं न्हाई. बसा समदी." मग तिला हळूच म्हणाले, "वाजव, पोरी." आणि स्टेजच्या पायरीवरच बसून, डोळे मिटून, त्यांनी ती रचना शेवटच्या सुरापर्यंत ऐकली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी वेड्यासारखी हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती त्याच आंबूस वासाने. ओट्यावर तात्या चिंच आणि राख घेऊन बसले होते. या वेळी ट्रम्पेट सिंधूचा होता. घासता घासता त्यातून पिवळा तांदूळ गळत होता. लख्ख झालेला ट्रम्पेट तिच्या हातात देत ते म्हणाले, "ते मदी थांबून पुन्हा हाक घालतीस ना, तेवढं परत वाजव. मला पुरतं कळलं न्हाई."