किरकोळ म्हंजी काय?

मी सरपंच झाले त्या दिवशी गुलालाने भरलेलं डोकं घेऊन घरी आले, तर सासरे ओट्यावर बसलेले. आशीर्वाद नाही, कौतुक नाही. एवढंच म्हणाले, "आता तरी माझा प्रश्न घ्या म्हनावं."

त्यांचा प्रश्न अख्ख्या गावाला पाठ होता. मामा, म्हणजे माझे सासरे, साखर कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांनी एकही ग्रामसभा चुकवली नव्हती. ओढ्यापलीकडच्या आमच्या वस्तीवरून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ते निघायचे. सभेत ग्रामसेवक वर्षाचा जमाखर्च भरभर वाचायचे. दिवाबत्ती, पाणीपुरवठा, साफसफाई असं करत करत शेवटी यायचं 'किरकोळ'. की मामा उभे. "किरकोळ म्हंजी काय?"

"बाबा, ऐनवेळच्या विषयात घेऊ," असं उत्तर मिळायचं. ऐनवेळचे विषय म्हणजे सभेच्या नोटिशीतला शेवटचा विषय. तिथवर सभा पोचली की नेमका चहा यायचा, चहाबरोबर माणसं उठायची आणि सभा संपायची. मामा चहाला हात न लावता घरी यायचे. माझ्या पोरांनी तर त्याचा खेळ केला होता. जेवताना मामांनी "भाजी कसली हाय?" विचारलं की दोघं एका सुरात ओरडायची, "किरकोळ!" मामासुद्धा हसायचे, पण पुढच्या सभेला पुन्हा शर्टाला इस्त्री.

आमच्या गावाला दुसरं एक दुखणं होतं. ग्रामसभेला शंभर माणसं जमली तर ती खरी सभा. तेवढी नाही जमली तर ती तहकूब करायची, आणि आठवड्याने जी तहकूब सभा भरते तिला मग कितीही माणसं चालतात. हे एकदा कळल्यावर शंभर माणसं गोळा करायचे कष्ट घेतो कोण? पहिली सभा कागदावर मोडायची, आठवड्याने पंधरा-वीस जणांत सगळं मंजूर. हे गावात इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं की कुणाला त्यात काही वावगंच वाटत नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मग नव्या सरपंचांचं प्रशिक्षण झालं आणि आम्हाला बसमध्ये घालून हिवरे बाजारला नेलं. तिथली माणसं पावसाचं पाणी किती पडलं, त्यातलं किती उरलं, कुणी कुठलं पीक घ्यायचं हे सगळं ग्रामसभेत ठरवतात. म्हणजे पाण्याचा थेंबसुद्धा त्यांच्याकडे किरकोळ नाही! मी तर खुळावलेच. परतताना शेजारच्या सरपंचबाईचं डोकं मी एवढं खाल्लं की तिने झोपेचं सोंग घेतलं. बस नगरला पोचेपर्यंत माझा ठराव मनात तयार होता. पाट्या अहिल्यानगरच्या झाल्यात, तोंडात अजून नगरच येतं. ठराव असा, की आमच्या जमाखर्चात यापुढे 'किरकोळ' हा शब्द लिहायचा नाही, प्रत्येक खर्च नावानिशी वाचायचा, आणि सगळे विषय संपल्याशिवाय चहा आणायचा नाही.

पण हे तहकूब सभेत करून उपयोग नव्हता. पंधरा जणांनी केलेला ठराव पुढच्या वर्षी दुसरे पंधरा जण मोडणार. शंभर माणसांनी हात वर केला तर तो मोडायला कुणाची छाती होणार नाही. मी एक मेची सभा धरली.

मामांना सांगितलं तर त्यांनी हातातली इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाले, "सूनबाई, या टायमाला बी तहकूब झाली तर माझं जानं बंद. मानसानं किती वर्सं त्येच इचारायचं?" ज्या माणसाने सभा सोडली नाही, तो माझ्याच कारकिर्दीत सोडणार होता.

आदल्या दिवशी महिलांची सभा झाली. काय बाया आल्या होत्या! मी घसा फोडून बोलले. सगळ्या म्हणाल्या, येतो, येतो, ग्रामसभेला नक्की येतो. रात्री मला आनंदाने जेवण गेलं नाही.

सकाळी शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं. पोरांना लाडू वाटले आणि लाडवांबरोबर गावही पांगलं. लिंबाखाली सतरंज्यांवर नेहमीची टाळकी उरली. मागच्या सतरंजीवर मामा. घरी मी त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नाही, आणि इथे अध्यक्षांची खुर्ची एकच होती. माझी चुळबुळ त्यांना दिसली असणार, कारण त्यांनी मुद्दाम तोंड शाळेच्या भिंतीकडे केलं. मी पटकन बसून घेतलं.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मोबाईलमध्ये वेळ बघितली. "ताई, तहकूब लिहू का?"

उपसरपंच माणूस गोड बोलणारा, आजवरचा कारभार त्यांच्याच हातातला. ते म्हणाले, "कशाला जिवाला लावून घेता ताई? पुढच्या आठवड्यात निवांत उरकू."

निवांत! माझं डोकंच फिरलं. "अर्धा तास थांबा," मी म्हणाले आणि स्कूटीला किक मारली. शनिवार नव्हता हे नशीब, नाहीतर अर्धं गाव शनिशिंगणापूरच्या रस्त्यावर रसाची गुऱ्हाळं सांभाळत बसलेलं असतं. पिठाच्या गिरणीपाशी कालच्या सभेतल्या पाच-सहा बाया डबे घेऊन गप्पा मारत उभ्या. मी भांडायच्या तयारीनेच गाडी थांबवली. "काल तोंडभरून येतो म्हणालात, आणि आज दळण काढलंत?"

"आता गं बया! चिडतीस कशापायी?" त्यातली थोरली म्हणाली. "आमी येनार हाय की. तहकूबला येतो!"

"तहकूबला?"

"व्हय. आजची काय खरी आस्ती का? खरी ग्रामसभा तहकूबला आस्ती. शिपाई नेमी तसंच पुकारतो."

मी कपाळावर हात मारला. चूक या बायांची नव्हतीच. वर्षानुवर्षं कर्ण्यावरून 'तहकूब ग्रामसभा हाय हो' एवढंच ऐकून गावाने तहकूब हे सभेचं नावच समजलं होतं, जसा पोळा, तसा तहकूब. माझी माणसं मला फसवत नव्हती, ती पुढच्या आठवड्यात अगदी वेळेवर येणार होती! मला हसू येत होतं आणि रडूही.

तशीच ग्रामपंचायतीत शिरले. शिपायाच्या हातातून माईक घेतला आणि आमच्या गावचा कर्णा कधी बोलला नव्हता तसा बोलला. "ऐका! तहकूब म्हणजे मोडलेली सभा! ती खरी नाही, आजची खरी आहे! दळण ठेवा, धुणं ठेवा, शाळेत या! तुमच्या पैशाचं काय झालं ते आज वाचणार आहे!" पुढे काय काय बोलले ते मला आठवत नाही. शिपाई नंतर म्हणाला, "ताई, दोन शिव्या बी गेल्या त्यात." गेल्या असतील.

आणि माणसं आली हो! गिरणीवरच्या बाया पिठाच्या हातांनी आल्या. दूध घालायला निघालेले किटल्यांसकट आले. कांद्याच्या टेम्पोतला एकजण गोणी चढवायची टाकून आला आणि मागून टेम्पोवालाही आला, त्याला आमच्या गावचं मत नसताना. वस्तीवरून तर सगळं बुद्धविहारच उठून आल्यासारखं झालं. सह्यांच्या वहीची आखलेली पानं संपली, भाऊसाहेबांनी पट्टी घेऊन नवी आखली. गणपूर्ती झाली असं त्यांनी उठून जाहीर केलं तेव्हा त्यांचाच आवाज चिरकला.

उपसरपंचांनी चहावाल्याला हळूच खूण केली. मी खुर्चीवरून ओरडले, "चहा शेवटी!" चहावाला किटली घेऊन जागच्या जागी थांबला आणि बाया खो खो हसल्या.

जमाखर्च सुरू झाला. दिवाबत्ती. पाणीपुरवठा. साफसफाई. सगळं मैदान चिडीचूप ऐकत होतं. मी मामांकडे बघत होते, आता उठतील, आता उठतील, आणि उपसरपंचांची कशी भंबेरी उडते ते बघू.

"किरकोळ," भाऊसाहेबांनी वाचलं.

मामा उठले. शर्ट नीट केला. आणि उपसरपंचांकडे न बघता सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "अध्यक्ष म्होदय, किरकोळ म्हंजी काय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे वर्ष माझं होतं. हा किरकोळ माझा. त्या कागदावर खाली सही माझी. आणि त्यात काय काय आहे ते मी बघितलंच नव्हतं. शंभरावर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं तोंड उघडलं आणि आपोआप बोलून गेलं,

"ते आपण ऐनवेळच्या विषयात घेऊ."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग पहिल्यांदा उपसरपंच हसले, मग टेम्पोवाला, मग सगळं मैदान. एकटे मामा हसले नाहीत. ते हळूहळू खाली बसायला लागले, दरवेळी बसायचे तसेच. ते बसणं मी आयुष्यात विसरणार नाही.

"थांबा!" मी म्हणाले. "बसू नका. भाऊसाहेब, किरकोळची बिलं द्या इकडे."

भाऊसाहेब कुजबुजले, "ताई, नंतर बघा ना."

त्यांच्या हातातून फाईल जवळजवळ ओढलीच. पहिलंच बिल हातात आलं आणि कान तापले. पण आता वाचल्याशिवाय सुटका नव्हती. मोठ्याने वाचलं, "नूतन सरपंच सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, हार. सरपंचांचा फोटो असलेला फ्लेक्स, मोठा."

तो फ्लेक्स! वेशीवर लागला होता, हात जोडून हसणारी मी. जाता-येता मी गाडी हळू करून बघायची. कुणी लावला, कुणाच्या पैशाने, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. वाटलं होतं, गावाला कौतुक आहे. गावालाच होतं म्हणायचं, बिल तर गावाचंच निघालं. हे सगळं मी तसंच्या तसं बोलले. या वेळच्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. मग उरलेली बिलं एकेक करून वाचली, झाडूंपासून झेरॉक्सपर्यंत. लोक मधेच विचारत होते, भाऊसाहेब उत्तरं देत होते, उपसरपंचांना दोनदा घाम पुसावा लागला.

मग माझा ठराव आला. भाऊसाहेबांनी विचारलं, "सूचक कोण?"

"माझं नाव लिवा," मामा म्हणाले. ते तोवर उभेच होते.

"अनुमोदक?"

गिरणीवरच्या बायांचे पिठाळ हात एकदम वर गेले. त्यांच्या मागे सगळं मैदान. कुणाचं नाव लिहावं हे भाऊसाहेबांना कळेना. मग चहा आला आणि मामांनी चक्क दोन कप घेतले.

संध्याकाळी त्यांना पाणी द्यायला गेले. दिवसभर मनात खदखदत होतं ते निघालंच. "मामा, एका घरात राहतो आपण. किरकोळचं घरीच विचारलं असतं तर?"

"घरी तू माझी सून हायेस," ते म्हणाले. "घरी इचारलं आस्तं तर तू च्या करून दिला आस्ता, आन मी पिला आस्ता. गावाचं गावातच इचारायचं." पाण्याचा घोट घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला. "ऐनवेळ म्हनलीस ना, तवा वाटलं, संपलं. ही बी गेली त्येंच्यात. मग तू थांबा म्हनलीस."

अंगणात शेळ्यांच्या गोठ्यावर तोच फ्लेक्स ताणून बांधलेला होता, सत्काराचे दिवस सरल्यावर वेशीवरून काढून माझ्याच नवऱ्याने आणलेला. उन्हाने अर्धी विटलेली मी तिथून हात जोडून हसत होते. मी म्हणाले, "उद्या तो काढून टाकते."

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "शेळ्यास्नी सावली हाय. एवढाच एक किरकोळ खर्च हाय, ज्याचा हिशेब मला रोज दिसतो."