दापोऱ्याहून लालबागेत उशिरा येणारी पेटी

पायाला प्लास्टर असताना तबला वाजवता येतो. खाटेच्या कडेला बसायचं, जोडी स्टुलावर घ्यायची, झालं. अडचण पेटीची होती. पेटी वाजवणारे माझे भाऊजी, ताईचे यजमान, जवळच्याच दापोरा गावात राहतात. दर गुरुवारी ते भजनाला आमच्याकडे लालबागेत यायचे, पण तेव्हा त्यांच्या केळीची कापणी चालली होती. घर सोडून निघणं शक्य नव्हतं.

मग मीच शोधून काढलं की दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडून गाणं-बजावणं करता येतं. पहिल्याच भजनात आमचं वाजलं. त्यांची पेटी मला उशिरा ऐकू येई म्हणून मी थांबे, माझा ठेका त्यांना उशिरा पोचे म्हणून ते थांबत. एकमेकांची वाट बघता बघता लय इतकी रेंगाळली, की आतून बायको म्हणाली, "कोणी गेलं का हो?"

"यार, तू लेट येतोस," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही येता लेट, भाऊजी."

मी वायफाय सोडून तार लावली. बायकोनं ती हॉलभर अंथरली, वर दोनदा स्वतःच तिला अडखळली. फरक शून्य. गंमत म्हणजे पडद्यावर आवाजाला जायला-यायला लागणारा वेळ अगदी किरकोळ दिसत होता. म्हणजे रस्ता मोकळा होता. अडत होतं ते कोणाच्या तरी घरात.

मी म्हटलं, "भाऊजी, कानातलं काढून माइकजवळ धरा." त्यांनी धरलं. मी टाळी वाजवली. ती दापोऱ्याला जाऊन परत आली, पण चांगलं चहा-पाणी करून आल्यासारखी.

"कानात काय घालता तुम्ही?"

"बिनतारी आहे. पोरीनं वाढदिवसाला दिलंय. महाग आहे."

"तेच आवाज अडवून धरतंय. काढा."

"महाग आहे म्हटलं ना!"

मागून ताईचा आवाज आला, "तो सांगतोय तर काढा ना एकदा." तिनं कपाटातून तारेचा जुना हेडफोन काढून दिला. तार इतकी आखूड, की भाऊजींना कॉम्प्युटरला चिकटून बसावं लागलं. मी पुन्हा टाळी वाजवली. या वेळी ती गेली कधी नि आली कधी, कळलंच नाही.

भजन सुरू झालं. ठेका बसला. दुसऱ्या कडव्याला पेटीबरोबर बाईचा आवाज आला आणि माझा हात क्षणभर थांबला. ताई गात होती. लग्नाआधी ती स्वतः पेटी वाजवून गायची. पण गुरुवारी भाऊजी एकटेच यायचे, आणि तिला बोलवावं हे आम्हा दोघांना कधी सुचलंच नव्हतं.

"थांबलास का रे?" तिनं विचारलं.

"लाइन गेली होती," मी खोटंच बोललो.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्या गुरुवारी मी तबला रिक्षात घातला आणि दापोऱ्याला गेलो. भाऊजी केळीचा ट्रक भरण्यात अडकले होते. पेटी ताईनं स्वतःच पुढे ओढली.