उपाशी झाडाचा चहा

छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांनी सासूबाईंचा चहा बंद केला आणि आमच्या घरातली सकाळच मोडली. इथे परदेशात, क्युपर्टिनोत, ऑफिसच्या मीटिंगा सुरू व्हायच्या आधी नवरा, सासूबाई आणि मी चहाला एकत्र बसायचो. आता कपांचा आवाज आला की त्या जपमाळ घेऊन खोलीत जायच्या. "तुम्ही प्या," म्हणायच्या. आमचा चहा कपातच निवायचा.

मी दुकानातून रॉयबॉस आणलं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पानांचा हा लाल चहा, त्यात कॅफिन नसतं. सासूबाईंनी पुडीकडे पाहून नाक मुरडलं. "ज्याचं झाड पाहिलं नाही, ते मी पोटात नाही घालत बाप्पा!" चहाचं झाड त्यांनी नागपुरात कुठे पाहिलं होतं, हे त्यांना विचारणार कोण?

मीही इरेला पेटले. बिया मागवल्या. त्यांचं कवच इतकं कडक की आधी सँडपेपरवर घासायच्या, मग गरम पाण्यात भिजत ठेवायच्या. खोल कुंड्यांत वाळू भरली, त्यात जराशी आम्लधर्मी माती मिसळली आणि कुंड्या कडक उन्हात ठेवल्या. सुयांसारख्या पानांची रोपं वर आली, तेव्हा मी नवऱ्याला चालू मीटिंगमधून ओढून बाहेर आणलं.

आणि मग ती मरायला लागली. आज एक पिवळं, चार दिवसांनी दुसरं. मी खारींना शिव्या घातल्या, उन्हाला घातल्या, बियावाल्यालाही सोडलं नाही. शेवटी एकच रोप उरलं. त्या सकाळी पाहते तर सासूबाई त्याच्या बुडाशी तांदळाचं धुवण ओतत होत्या. शेजारी गुलाबाच्या खताची अर्धी रिकामी पिशवी होती.

"आई, हे काय?"

"अगं, नुसती वाळू घालून ठेवलीस. लेकरू उपाशी मरतंय!"

"आईने सांगितलं म्हणून खत ऑर्डर केलं यार," नवरा दारातूनच म्हणाला आणि पळाला.

मला असा संताप आला! या बाईने उभ्या जन्मात कुणाला दोन घास जास्त वाढल्याशिवाय उठू दिलं नव्हतं. मी मेलेल्या रोपाची कुंडी पालथी केली. वर वीतभर रोप आणि खाली हातभर मूळ! मुळाला मोहरीएवढ्या गाठी होत्या. या गाठींत ते हवेतून आपलं खत करतं, हे मी वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. वरून खत घातलं की ते सोसत नाही, मरतं. सांगता सांगता माझा राग कुठे गेला, मलाच कळलं नाही. सासूबाईंनी मूळ तळहातावर घेऊन एकेक गाठ बोटाने चाचपली.

"म्हणजे याला आपण काहीच द्यायचं नाही?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"थोडं पाणी. बाकी काही नाही."

उरलेल्या रोपाखालची खतावलेली वरची माती मी हलक्या हाताने काढून ताजी वाळू घातली. ते जगेल याची मला खात्री नव्हती. सासूबाई रोज त्याच्यासमोर हात मागे बांधून उभ्या राहायच्या. त्याला काही न वाढणं त्यांना किती जड जात होतं, ते पाठमोरंही दिसायचं. पावसाचा थेंब नसलेल्या त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांची हिरवळ करपली आणि आमचं झुडूप वाळूत उभं राहून वाढत होतं. पुढच्या वसंतात त्याला इवली पिवळी फुलं आली. "अगं, ही तर तुरीच्या घराण्यातली!" सासूबाई ओरडल्या आणि झाड एकदम ओळखीचं झालं.

उन्हाळ्यात मी शेंडे कापले. सासूबाईंनी ते खलबत्त्यात ठेचले, पाणी शिंपडून ओल्या फडक्याखाली ठेवले. दुपारी फडकं उचललं आणि आम्ही दोघी त्यावर वाकलो. हिरवा चुरा विटेसारखा लाल झाला होता आणि मधासारखा वास सुटला होता. रंग ना मसाला, हे सगळं त्या पानातच होतं.

चुरा वाळल्यावर सकाळी आलं आणि दूध घालून तो उकळला. सासूबाई टेबलाशी आल्या, बसल्या. पहिला घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले. आम्ही आपापले कप हातात धरून नुसते बघत होतो. जन्मभर दुसऱ्यांना 'अजून घे' म्हणणाऱ्या त्या बाईने रिकामा कप माझ्यापुढे सरकवला.

"अजून आहे का गं?"