तिसऱ्या ग्लासातलं केळं

शेठजींनी तीन ग्लास भरून आणले, त्यांवर काचेची झाकणं स्वतःच ठेवली आणि म्हणाले, "नाना, आज बाटल्या दिसणार नाहीत. नुसतं नाक."

नाना बोरसे आमच्या डिस्टिलरीचे चीफ ब्लेंडर होते आणि मी त्यांचा असिस्टंट. ब्लेंडर म्हणजे वेगवेगळी स्पिरिट मिसळून दर बॅचला तीच चव आणणारा माणूस. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर पीत असू. आम्ही घोट घेतो, तोंडात फिरवतो आणि बेसिनमध्ये थुंकतो. खरं काम नाकाचं.

जळगावहून भुसावळकडे जाताना रस्त्यावरच आमचा कारखाना होता. तिथे साखर कारखान्याच्या मळीपासून स्पिरिट व्हायचं. त्यात थोडा देशी माल्ट, रंगाला कॅरॅमल, वासाला इसेन्स, की झाली व्हिस्की. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. बाहेरचा माल आणायचे नियम सैल होत होते. शेठजींच्या मेहुण्यांनी परदेशातून येताना एअरपोर्टवरून एक आयरिश सिंगल माल्ट आणली होती. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या सातूची व्हिस्की. आयरिश लोक ती बहुतेक वेळा तीनदा गाळतात, म्हणून ती हलकी असते, आणि स्कॉचसारखा धुराचा वासही तिला सहसा नसतो. एअरपोर्टच्या दुकानातल्या सिंगल माल्टमध्ये ही सगळ्यात स्वस्त होती. शेठजींच्या मनात होतं की असा माल पिंपांनी मागवावा आणि आपल्या स्पिरिटमध्ये घालून एक भारी ब्रँड काढावा.

"मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "स्वस्तातली आहे, की चांगली असून स्वस्त आहे?"

हे झालं नानांना सांगितलेलं. मला शेठजींनी आदल्या दिवशी केबिनमध्ये बोलावून वेगळंच सांगितलं होतं. "नाना अठ्ठावन्नचे झाले. एक्स्टेन्शन मागतायत. नाक शाबूत असेल तर नवा ब्रँड त्यांच्याकडे. नसेल तर तुमच्याकडे. उद्या लक्ष ठेवा."

मी "बरं" म्हणालो. नानांना यातलं काही बोललो नाही. नाना मात्र त्याच संध्याकाळी चहा पिताना मला म्हणाले होते, "चौधरी, जन्मभर इसेन्स कालवलं रे. एकदा खऱ्या माल्टवर हात चालवू दे, मग खुशाल जातो गावी, दोंडाईच्याला."

नाना स्वभावाने गोड नव्हते. कोणी केसांना वासाचं तेल लावून आलं की त्याला लॅबच्या दारातून परत पाठवायचे. मी एकदा डब्यात ठेचा आणला, तर "आज तू हिशेब कर, ग्लासाला हात लावू नको," म्हणाले. पण त्यांच्याइतकं नाक मी पुढेही कुठे पाहिलं नाही.

टेस्टिंगला पाणी घालून व्हिस्की हलकी करतात, नाहीतर अल्कोहोलने नाक बधिर होतं. मधूनमधून स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायचा, म्हणजे नाक पुन्हा जागेवर येतं. नानांनी बाही हुंगली आणि पहिला ग्लास उचलला.

"ही आपली. कॅरॅमल जरा जास्त पडलंय."

दुसरा. "स्कॉच. धूर आहे. मेहनतीने केलेली आहे, पण दम नाही."

तिसऱ्यावर ते थांबले. पुन्हा हुंगलं. त्यांचा चेहरा सैल झाला.

"ह्यात केळं आहे," नाना म्हणाले. "पिकलेलं. मागे बिस्किटासारखा सातू. धूर अजिबात नाही. वय कमी आहे, चव लवकर सरते. पण स्वच्छ आहे, शेठजी. आपल्या स्पिरिटला दाबणार नाही, सांभाळून घेईल. घ्या तुम्ही."

शेठजी हसले. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. समोरच्या ढाब्यावर केळीचे चार-पाच ट्रक उभे होते.

"नाना, आयर्लंडात केळी कधीपासून पिकायला लागली? जळगावातला वास जळगावातच राहू द्या."

"वास ग्लासातला आहे."

"चौधरी, तुम्ही सांगा."

मी ग्लास घेतला, हुंगला. सातू आला, थोडा मध आला. केळं आलं नाही. मी म्हणालो, "मला नाही येत."

तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. माझं घर सावद्याचं. आमच्या भिंतीला लागून केळीची वखार होती, कच्ची केळी पिकायला ठेवतात ती. जन्मल्यापासून तो वास नाकात असल्यामुळे माझ्या नाकाने त्याची दखल घेणंच सोडलं होतं. हे मला कळायला हवं होतं. पण त्या खोलीत सगळ्यांनी उलटाच हिशेब केला, नानांनीसुद्धा.

"तुला नाही येत?" ते माझ्याकडे वळले. "तू सावद्याचा. तुला केळं नाही कळणार तर कोणाला?"

त्यांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला. मग बाही. मग ग्लास. मग हळूच म्हणाले, "असेल बुवा बाहेरचा." आणि उसनं हसून अहिराणीत, "मनं नाक म्हतारं व्हई गयं."

एवढ्यात माझ्या हातातला ग्लास तळव्याच्या उबेने कोमट झाला होता. मी सवयीने तो पुन्हा हुंगला. आणि केळं आलं. पहिल्यांदा अंधुक, मग एकदम स्वच्छ, सालीवर काळे ठिपके पडलेल्या केळ्यासारखं. सातू आंबवताना तयार होणाऱ्या एस्टर नावाच्या रसायनाचा तो वास. पुस्तकात मी तो वाचलेला होता.

दोघंही खोलीतच होते. "थांबा," एवढा शब्द पुरला असता. मी घोट घेतला, थुंकलो, नळ सोडला आणि बेसिन धूत राहिलो. एक्स्टेन्शनचं माझ्या डोक्यात होतं. नव्हतं असं म्हणायची आता इच्छा नाही.

महिनाअखेरीला नानांना शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात शेठजी चांगलंच बोलले. मी हार घातला.

पुढे मुंबईचा एक ब्रोकर त्याच मालाचं सॅम्पल घेऊन आला. ग्लास भरता भरता म्हणाला, "पहिल्यांदा पिकलेलं केळं येतं बघा. ह्या मालाची तीच ओळख आहे."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "केळं आहे."

"म्हणजे नाना त्या दिवशी—"

"त्या दिवशी बाहेर ट्रक होते, शेठजी."

पहिली चूक नाकाची होती. ही माझी. माल आला, ब्रँड निघाला, चालला. मापं मीच बसवली आणि नाना म्हणाले होते तसंच झालं, त्या माल्टने आमचं स्पिरिट सांभाळून घेतलं. चीफ ब्लेंडरची पाटी माझ्या दारावर लागली.

वर्षभराने एका लग्नासाठी दोंडाईच्याला गेलो, तेव्हा नानांकडे डोकावलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. नाना खूश झाले. चहा करायला स्वतः उठले. दुधाचं पातेलं उचललं, नाकाशी नेलं, आणि तसंच धरून राहिले. मग आत हाक मारली, "हाई दूध देख बरं, नासेल शे का?"

काकू पदराला हात पुसत आल्या. वास घेऊन म्हणाल्या, "चांगलं शे. सकायनंच शे." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाल्या, "भाऊ, रिटायर झाल्यापासून असंच. भाजी करपली का विचारतात, पाऊस येणार का तेही मलाच विचारतात. आधी तर म्हणायचे, तुला नाकच नाही."

"अगं, तुझं नाक ताजं आहे," नाना म्हणाले. मला विचारलं, "तुझा ब्रँड कसा चाललाय?"

"बरा चाललाय."

मी चहा प्यायलो आणि निघालो. नाना आता नाहीत. काकू आहेत, त्यांना या महिन्यात जाऊन सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "त्यांना सांगायचं होतं, भाऊ. मला काय करायचंय त्याचं?"

नवीन पोरं शिकायला येतात, त्यांना मी एवढंच सांगतो की मत बदललं तर समोरचा माणूस खोलीत असेपर्यंत बोला.