अंगात आलं म्हणे

अजून राग जात नाही. मंगळवारी तर जास्तच येतो.

तेव्हा आम्ही भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांत राहायचो. मी, हे, मुलं, सासूबाई आणि धाकटे दीर. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. दिवसभर घरकाम, मधल्या वेळात खोट्या दागिन्यांचे मणी ओवायचे, आणि वर सासूबाईंची बोलणी. मी मुळात बुजरी, सगळं गिळायची. हळूहळू छातीत धडधडायला लागलं. रात्र रात्र झोप नाही. हात असे थरथरायचे की सुई मण्यात जाईना. सासूबाई म्हणायच्या, "कामाचं नाव काढलं की थरथर सुटते गो हिला."

नवरात्रात तळमजल्यावर एका घरी आरतीला गेलो. बायकांची दाटी, धूप, घंटा, टाळ्या. माझा श्वास अडकला. खिडकीकडे जायला उठले तर अंग गदागदा हलायला लागलं. मला हवा पाहिजे होती. बायकांनी माझे केस सोडले, कपाळभर कुंकू फासलं आणि धूप आणखी घातला!

सासूबाईंनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. "माउली, माझ्या धाकट्याला नोकरी कधी लागेल?"

जेवलीस का, असं ज्या बाईने मला कधी विचारलं नाही, ती हे विचारत होती. मी कसंबसं म्हटलं, "पाणी... पाणी..."

"पाण्याकाठी लागेल म्हणतेय," एकीने अर्थ लावला.

"मग उत्तनला बघा, समुद्राकाठीच आहे," दुसरी म्हणाली.

पाणी कुणीच दिलं नाही.

त्यानंतर दर मंगळवारी दुपारी आमच्याकडे बायका नारळ घेऊन यायला लागल्या. सासूबाई मला पाटावर बसवायच्या. धूप लागला की माझा जीव घाबरायचा, अंग हलायचं, आणि बायका हात जोडायच्या. बिल्डिंगमध्ये सासूबाईंचा मान वाढला. मी ह्यांना म्हटलं, "मला बरं नाही वाटत, डॉक्टरकडे नेता का?"

"देवीला कसला डॉक्टर?" हे म्हणाले. "तासभर बसलीस तर काय जातं तुझं? आई खूश आहे."

तासभर! उरलेला आठवडा मी त्या तासाच्या धास्तीत काढायची. बाजारात उभी राहिले की काय घ्यायला आले तेच आठवेना. मुलं हसली तरी मी दचकायची.

मग एका दुपारी घरात एकटीच तांदूळ निवडत होते. धूप नाही, घंटा नाही, कुणी नाही. आणि तसंच झालं. श्वास अडकला, हातातलं सूप पडलं, आता मरते असं वाटलं. भिंतीला टेकून बसले तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, ही देवी नाही. देवी तांदूळ निवडताना कशाला येईल? हे माझंच काहीतरी बिघडलंय आणि ते आपोआप जाणार नाही.

समोरच्या गुजराती भाभीकडे गेले. कधी कुणाच्या दारात न जाणारी मी, सगळं सांगून मोकळी झाले. ती म्हणाली, "मेरी ननद को ऐसाही होता था. दिमाग के डॉक्टर के पास चलो. पागल लोगही जाते हैं ऐसा मत सोचना."

मंगळवारी सकाळीच ती मला बोरिवलीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "झोप लागते का? घरी कोणाशी बोलता?" मला आधी रडूच आलं. त्यांनी घाई केली नाही. हा आजार आहे, बरा होतो, म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि बोलायला परत यायला सांगितलं.

घरी आले तर बायका नारळ मांडीवर घेऊन बसलेल्या. सासूबाई खेकसल्या, "कुठे उलथली होतीस? सगळ्या खोळंबल्यात."

दारातच उभी राहून मी म्हटलं, "माझ्या अंगात कुणी येत नाही. मी आजारी आहे. मनाच्या डॉक्टरकडून आलेय."

आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. एकेक बाई नारळ उचलून निघाली. दार लावून सासूबाई म्हणाल्या, "चारचौघींत सांगायचं होतं का? सून वेडी म्हणतील."

"चारचौघींतच पाया पडलात ना माझ्या?"

त्या पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हेही तोंड फुगवून होते. पण त्याच मंगळवारी रात्री जेवणं झाली आणि मी सगळ्यांच्या देखत गोळी घेतली.